डाव्या हाताची बाही

६ जानेवारी

टायरवाल्याला जामीन मिळाला. मी बसमधून उतरलो तेव्हा कोपऱ्यावरचं त्याचं दुकान उघडंच होतं आणि तो एका मोटारीचं मागचं चाक काढत होता. आमच्या धाकट्याला ज्या सळईने मारलं ती न्यायालयात टेबलावर कापडात गुंडाळून ठेवली होती. त्याच्या हातात आज तशीच दुसरी होती. रिममधून टायर उचकटायला त्यांना ती लागतेच.

भांडण गाडी आडवी लावण्यावरून झालं. साक्षीदार म्हणाले, फटका खांद्यावर बसला, डोकं पडताना फुटपाथच्या कडेवर आपटलं. सगळ्यांचे शब्दसुद्धा सारखे होते. मी शवागारात ते डोकं पाहिलं आहे. माझी सारी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली. काट्याला कोणी बोट लावलं असेल तर मला लांबून कळतं.

कचेरीत रोज संध्याकाळी दिवसाचा अहवाल लिहायची सवय होती. तीच पुढे चालू ठेवतो. घरात आता आम्ही तिघं: मी, ही आणि ताई. ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. तो ताई म्हणायचा म्हणून आम्हीही तेच म्हणतो. बोलत कोणीच नाही, तेव्हा कुठेतरी लिहावं.

१५ जानेवारी

कुत्रा पाळायचं ठरवलं. घराच्या सुरक्षेसाठी. ही म्हणाली, "आता काय चोरीला जायचं राहिलंय?"

गावाबाहेर एक जण कुत्री तयार करतो. पूर्वी पोलिसांच्या श्वानपथकात होता. सगळे त्याला मास्तर म्हणतात. गळ्यात शिट्टी, आणि उजव्या हाताचं एक बोट अर्धंच. मी बोटाकडे पाहिलं तर म्हणाला, "पोमेरेनियनने खाल्लं, साहेब. लोकांना रॉटवायलर सांगतो. इज्जतीचा प्रश्न आहे."

त्याने एकेक पिंजरा दाखवला. लॅब्रॅडॉरपाशी म्हणाला, "हा चोराला बॅटरी धरून कपाट दाखवील. पण घरात पोरंबाळं असतील तर याच्यासारखा नाही. खाणं तेवढं मोजून घाला, पोट भरलं हे याला जन्मात कळत नाही." पग झोपला होता. "उन्हात नेलात तर धापा टाकतो, घरात ठेवलात तर सासऱ्यासारखा घोरतो." डोबरमन एका माणसाचा, थंडी सोसत नाही. रॉटवायलर विचार करून चावतो आणि केलेला विचार बदलत नाही. जर्मन शेफर्ड म्हणजे सरकारी नोकर, सगळं नियमात.

शेवटच्या पिंजऱ्यात तांबूस अंगाचा, काळ्या तोंडाचा एक कुत्रा भिंतीवर पाय देऊन उलटा उडी मारत होता. पुन्हा पुन्हा तीच उडी.

"हा मॅलिनॉय. हा घरात पाळायचा कुत्रा नाही, साहेब. ही मशीन आहे. रोज दमवला नाही तर घर खाईल. तोंडात धरायला काहीतरी पाहिजे याला. एकदा धरलं की मग जगात दुसरं काही नाही. तुमच्या वयाला लॅब्रॅडॉर न्या."

मी विचारलं, "धरलेलं न सोडणारा हाच ना?"

मास्तर हसला. मग हसायचा थांबला. "का हो?"

"घराच्या सुरक्षेसाठी," मी म्हणालो.

२३ जानेवारी

कुत्रा आला. पहिल्याच दिवशी खुर्चीचा पाय आणि पायपुसणं खाल्लं. मग धाकट्याची एक चप्पल दाराआडून ओढून काढली. ती आम्ही कोणी हलवली नव्हती. हिने झाडू घेतला आणि त्याला मारत सुटली. मी हिला असं कधी पाहिलं नव्हतं. "काळतोंड्या! मेल्या! ठेव ती!" कुत्र्याला वाटलं खेळ आहे. त्याने चप्पल टाकली आणि झाडूच पकडला. दोघांची ओढाओढ चालली. शेवटी ही मटकन खाली बसली आणि चप्पल पोटाशी धरून रडली. एवढे दिवस रडली नव्हती.

ताई म्हणाली, "चला, नाव तरी ठरलं."

काळतोंड्याच म्हणतो आम्ही आता.

४ फेब्रुवारी

मास्तरांच्या मैदानावर शिकवणी सुरू आहे. त्यांचा मेहुणा डाव्या हातात तागाची पांढरट, जाड बाही घालून, हात छातीशी आडवा धरून उभा राहतो. "बायकोचा भाऊ आहे," मास्तर म्हणतात, "चावला तरी चालतो." मेहुणा म्हणतो, "बहिणीला सांगतो घरी गेल्यावर." हे रोजचं आहे. "धर" म्हटलं की काळतोंड्या बाणासारखा जातो आणि अख्ख्या अंगाने त्या हाताला लोंबकळतो. आज मेहुणा उताणा पडला. चांगलं धरलं की तो बाही हातातून सोडून देतो आणि काळतोंड्या ती तोंडात घेऊन मैदानभर मिरवतो. तेच त्याचं बक्षीस. मग "सोड" हळू म्हटलं की सोडतो.

मी हट्टाने एकदा बाही घातली. दात लागत नाहीत, पण हाड चेपलं जातं. खांदा निखळेल असं वाटलं. हातावर काळंनिळं उठलं आहे. धाकटा गेल्यापासून अंगाला काही जाणवत नव्हतं. हे जाणवलं. बरं वाटलं.

जाताना मास्तरांना विचारलं, "समोरच्याने बाही घातली नसेल तर?"

"तर हा बाही शोधेल. साहेब, हा माणसाला चावत नाही, बाहीला चावतो. माणसावर सोडायचा कुत्रा वेगळा आणि त्याची तालीमही वेगळी. ती मी घरगुती गिऱ्हाइकाला देत नाही. उद्या जावयावर सोडाल!"

धंद्यातली सावधगिरी असावी. मेहुणा पडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

१६ फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळ फिरवणं माझ्याकडे. संध्याकाळी कोपऱ्यावरूनच जातो. टायरवाल्याचा माणूस आधी घरी जातो. उजेड संपायच्या सुमारास तो एकटाच बाहेर मांडलेले टायर आत नेतो. त्या वेळी रस्त्यावर फारसं कोणी नसतं. आपल्या परिसराची माहिती असावी.

२२ फेब्रुवारी

शेजारणीचा लॅब्रॅडॉर गाठींची दोरी तोंडात घेऊन शेपूट हलवत जवळ आला. काळतोंड्या त्याच्यावर पडला. दोन्ही कुत्र्यांचा एकच गोळा झाला. लॅब्रॅडॉरचा कान फाटून लोंबायला लागला, फाटकाच्या पांढऱ्या खांबावर रक्ताचे शिंतोडे उडाले. शेजारीण ओरडली, "कुत्रा पाळलाय की कसाई? तुमच्या घरावर काय आलं ते ठाऊक आहे मला, म्हणून गप्प बसते!"

मी माफी मागितली. डॉक्टरकडे लॅब्रॅडॉरला मीच नेलं, कानाला टाके पडले. विशेष म्हणजे दोरी तोंडात येताच काळतोंड्या शांत होऊन बाजूला बसला होता. लॅब्रॅडॉरकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. राग मनात ठेवत नाही, हा चांगला गुण म्हणायचा.

५ मार्च

न्यायालयात पुढची तारीख पडली, बाकी काही नाही. टायरवाला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. हात गुडघ्यांत धरून. नखांत काळं होतं.

घरी आलो तर कुलूप, दोघी रुग्णालयात. मी नव्हतो म्हणून ताईने काळतोंड्याला बाहेर काढलं. समोरून एक गादीवाला गुंडाळलेली गादी काखेत घेऊन चालला होता. काळतोंड्या गादीवर झेपावला. ताईने साखळी सोडली नाही. जिन्याच्या पायऱ्यांवरून फरपटत गेली. डावं मनगट मोडलं. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आहे, हात गळ्यातल्या झोळीत छातीशी आडवा.

"गादीवाला जास्त घाबरला," ताई म्हणाली. "गादी टाकून पळाला. अजून न्यायला आला नाही." हसायला लागली आणि तिला कळ आली.

बालवाडीतून तिला रजा घ्यावी लागली. ती डावखुरी आहे, पोरांसाठी चित्रं डाव्या हातानेच काढते.

१० मार्च

काळतोंड्या ताईला क्षणभर सोडत नाही. ती बसेल तिथे समोर बसतो, प्लास्टरकडे टक लावून बारीक आवाजात कुईकुई करतो. अंग थरथरतं त्याचं. आपल्यामुळे लागलं हे मुक्या जनावराला कळतं. मला भरून आलं.

ताई म्हणाली, "बाबा, हा माझ्याकडे बघत नाही. हाताकडे बघतो."

"वाईट वाटतंय त्याला."

"मला नाही तसं वाटत."

ही म्हणाली, "घरात त्याच्या तोंडाला मुसकं घाला. मला त्याचे डोळे आवडत नाहीत." म्हणून घरात आणि रस्त्यावर आता त्याला चामड्याचं मुसकं घालतो. बाहेरून आलो की दाराजवळच्या खुंटीला लावायचं. उगाच आहे, पण हिच्या मनाची शांती.

रात्री जेवताना ताईने विचारलं, "बाबा, तुम्ही रोज त्या दुकानावरूनच का जाता?"

"रस्ता आहे तो."

"दुसराही आहे."

हिने माझ्या पानात आणखी वाढलं. माझ्याकडे न बघता.

१८ मार्च

टायरवाला आज बोलला. मी जात होतो तर तो उठला, फडक्याला हात पुसले. "काका, एकदा बोलायचं होतं." मी चालत राहिलो. मागून म्हणाला, "काका, दोन मिनिटं." चाळीस-पंचेचाळीसचा असेल. त्याला मुलं आहेत का ते मला माहीत नाही. माहिती काढली नाही.

काळतोंड्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टायर हुंगत राहिला. माझा संताप साखळीतून त्याच्यापर्यंत जायला हवा होता, असं मला वाटलं. त्याच्या जातीत वास ओळखायची एवढी ताकद असते, आणि हा टायर हुंगतो.

२३ मार्च

काळतोंड्याला आज खायला घातलं नाही. मास्तर म्हणतात, भुकेला कुत्रा मन लावून काम करतो. कपाटातला पांढरा सदरा काढून ठेवला. का काढला ते सांगता येणार नाही.

२५ मार्च

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितो आहे. काल घडलं तसं, क्रमाने.

संध्याकाळी उजेड असतानाच निघालो. टायरवाल्याचा माणूस गेला होता. टायरवाला एकटाच टायर आत नेत होता, हातात सळई होती. मी रस्त्याच्या अलीकडे उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, मग कुत्र्याच्या तोंडाकडे पाहिलं. मुसकं नव्हतं. मी साखळीची कडी काढली.

माझा अंदाज असा होता, की तो सळई उगारील, हात वर जाईल आणि काळतोंड्या तो हात धरील. त्याने सळई खाली टाकली. हात दोन्ही बाजूंना सोडून तसाच उभा राहिला.

"काका, नका."

मी म्हणालो, "धर."

काळतोंड्या गेला. त्याच्यापाशी पोचला, त्याच्याभोवती फिरला, हात हुंगले, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. काय धरू, असं विचारल्यासारखं. मी ओरडलो, "धर! धर!" तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "बाबा!" ती धावत माझ्या पुढे गेली, आमच्या दोघांच्या मध्ये. धावताना प्लास्टरचा हात छातीशी आडवा धरला होता. मास्तरांचा मेहुणा धरतो तसाच.

काळतोंड्याचे कान उभे राहिले. किती आनंदाने तो धावला ते मी पाहिलं.

ताई पाठीवर पडली. प्लास्टर फुटलं. दात घसरून कोपराच्या वर मांसात गेले. त्याने मान झटकायला सुरुवात केली, ताईचं डोकं रस्त्यावर आपटत होतं. मी "सोड" म्हणत होतो. रोज मैदानात हळू म्हणायचो, तर सोडायचा. काल माझ्या तोंडून जो आवाज निघत होता तो त्याने कधी ऐकलेला नव्हता. मी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. डोळ्यांवर बुक्क्या मारल्या. जेवढा मारला तेवढं त्याने घट्ट धरलं. शेपूट हलत होती. ती बाही सुटून आपल्याला मिळायची वाट बघत होता. ताईचा हात काही सुटून येणार नव्हता.

टायरवाल्याने सळई उचलली. मला वाटलं, आता कुत्र्याचं डोकं फोडणार. मग वाटलं, माझं.

तो गुडघ्यांवर बसला, कुत्र्याचं धड दोन्ही मांड्यांत दाबलं, सळईचं चपटं टोक जबड्याच्या कोपऱ्यातून मागच्या दाढांमागे घातलं. "ताई, ओढू नका," तो म्हणाला. "हात आत ढकला. ओढाल तितकं फाटेल." ताईने ढकलला. त्याने मनगट फिरवलं, टायर रिममधून काढतात तसं, घाई न करता. जबडा उघडला.

मी काळतोंड्याचा पट्टा पकडला. टायरवाल्याने अंगातला शर्ट काढला आणि ताईच्या दंडाला आवळून बांधू लागला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मान खाली. सळई माझ्या पायापाशी पडली होती, तिला रक्त लागलेलं. माझे दोन्ही हात पट्ट्यात अडकलेले होते. एक मोकळा असता तर काय केलं असतं ते लिहीत नाही.

ही रुग्णालयात आली तेव्हा तिच्या हातात मुसकं होतं. तिने ते कशाला आणलं होतं कोण जाणे. म्हणाली, "हे खुंटीला दिसलं. तुम्ही कुत्र्याला घेऊन गेलात आणि हे खुंटीलाच. मग मीच तिला पाठवलं, मागे जा म्हणून. मीच पाठवलं."

मी तिच्या शेजारी बसलो. एवढंच करता आलं.

२६ मार्च

ताईचा हात वाचला. दोन बोटं हलत नाहीत, हलतील की नाही ते आता सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

हवालदार आला होता. टायरवाल्याने जबाब दिला आहे: काका कुत्रा फिरवत होते, कडी निसटली, कुत्रा आपणहून पोरीवर गेला. हवालदार म्हणाला, "नशीबवान आहात, काका. दुसरा असता तर तुम्हीच कुत्रा सोडलात म्हणाला असता. उद्या येऊन सही करा, प्रकरण मिटलं. कुत्र्याला मारायची सुई देतील. पिसाळलेल्या डोक्याचं जनावर ठेवत नाहीत."

दुपारी मास्तर आले. तासभर त्यांनी एकही विनोद केला नाही. बाहेर व्हरांड्यात नेऊन मला म्हणाले, "कुत्रा मी बघून आलो. शांत बसलाय. साहेब, त्याने अक्षरशः शिकवलं तेच केलं. पांढरा, जाड, छातीशी आडवा हात. त्याच्यासाठी ती बाहीच होती. पण शिकवलेला कुत्रा शब्दाशिवाय जात नाही. तुम्ही शब्द दिलात?"

मी व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं.

"मालकाच्या हुकमाने धरलं असं कागदावर आलं तर मी त्याला परत नेऊ शकतो. आपणहून धरलं म्हटलं की सुई. तुम्ही बघा." मग अर्धं बोट खाजवत म्हणाले, "मीही बघायला हवं होतं. 'न सोडणारा हाच ना,' हे सुरक्षेसाठी कोण विचारतं?"

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली. ही पाणी आणायला गेली होती.

"बाबा, तुम्ही 'धर' म्हणालात. मी ऐकलं."

"तुला नाही गं."

"माहितेय कोणाला." ती छताकडे बघत होती. "त्याने काय सांगितलं पोलिसांना?"

मी सांगितलं.

तिने उजव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाली, "धाकट्याच्या वेळी सगळे म्हणाले, डोकं कडेवर आपटलं. आता आपण म्हणायचं, कडी निसटली."

"तू म्हणशील तसं करतो."

"माझ्यावर नका टाकू, बाबा. माझा एकच हात चालतोय."

२७ मार्च

पांढरा सदरा घातला. हिने न विचारता त्याला इस्त्री करून ठेवली होती.

हवालदाराने कागद तयारच ठेवला होता. "इथे सही करा आणि घरी जा. पोरीजवळ बसा."

मी म्हणालो, "कडी निसटली नाही. मी काढली. आणि कुत्र्याला हुकूम दिला."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, डोकं ठिकाणावर आहे का? तो माणूस तुम्हाला वाचवतोय."

"त्याच्याबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. त्याचं वजन वेगळं, माझं वेगळं. एकाच पारड्यात घालू नका. आणि कुत्र्याचा दोष नाही, तेही लिहा. तो मास्तरांकडे जाऊ दे."

त्याने मोठा श्वास सोडला आणि दुसरा कागद घेतला. वर माझं नाव लिहिलं. "कोणावर सोडला?"

"टायरवाल्यावर."

"नाव सांगा त्याचं." मी सांगितलं. इतक्या महिन्यांत ते नाव मी तोंडाने उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर इतर नावांसारखंच वाटलं.

"कारण?"

मी धाकट्याचं नाव सांगितलं.

"पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितलं. मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मधलं नाव लिहिताना त्याचं पेन थांबलं. त्याने कागदाच्या डोक्यावर पाहिलं, तिथे तेच नाव त्याने आत्ताच लिहिलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "बरोबर आहे. लिहा."